शू करताना रडणारं मूल आणि ‘तीन दिवस थांबा’ सांगणारा मेसेज

पालकांच्या ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज थोडक्यात असा आहे: “बाळ शू करताना रडतंय? उन्हाळी लागली आहे, घाबरू नका. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून तीनदा द्या. दर तासाला ग्लासभर पाणी पाजा. क्रॅनबेरीच्या रसाने जंतू धुऊन निघतात. लघवीला वास नसेल तर इन्फेक्शन नाहीच. तीन दिवस वाट बघा, लहान मुलांना अँटिबायोटिक नको. रडणं थांबलं की बरं झालं समजा.”

यातलं एक मान्य करायला हवं. जळजळीवर काहीतरी केलंच पाहिजे. एकदा झोंबलं की एक-दोन वर्षांचं मूल पुढची शू दाबून धरतं. लघवी मूत्राशयात साचून राहिली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो, लघवी गडद होते आणि पुढच्या वेळी जास्तच झोंबते. आराम देणं हा उपचाराचाच भाग आहे. पण मेसेजमधले उपाय आराम देत नाहीत, आणि एक-दोन तर चांगलेच अंगाशी येऊ शकतात. खाली क्रम मेसेजचा नाही, धोक्याचा आहे.

“तीन दिवस वाट बघा”

सोड्यापेक्षाही घातक ओळ ही. मूत्रमार्गाच्या संसर्गात बहुतेक वेळा आतड्यातलाच ई. कोलाय हा जंतू शूच्या जागेतून वर चढतो. मूत्राशयापाशी थांबला तर जळजळ, थेंब थेंब शू, आणि डायपर सुटलेल्या मुलाचे अचानक कपडे ओले होणं. मूत्रपिंडापर्यंत पोचला तर ताप, उलट्या, कुशीत दुखणं. बोलता न येणारं मूल कुशीत दुखतंय हे सांगत नाही. ते खात नाही, चिडचिड करतं, उचलून घेतलं तरी रडतं. म्हणून या वयात ताप हीच सगळ्यात महत्त्वाची खूण. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, आणि ताप 38 अंश सेल्सियस (100.4 फॅरनहाइट) किंवा जास्त, तर लघवी तपासायलाच हवी.

तापासह संसर्ग असताना उपचार दोन-तीन दिवस लांबला तर मूत्रपिंडावर व्रण राहण्याची शक्यता वाढते. हे व्रण कायमचे असतात, आणि जास्त असले तर पुढे रक्तदाबाचा त्रास होऊ शकतो. मेसेज नेमके तेच तीन दिवस घालवायला सांगतोय.

ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप नाही, नुसती जळजळ आहे, तर 24 तासांच्या आत. मूल पेंगुळलेलं असेल, पाजलेलं सगळं उलटून टाकत असेल, आठ तासांत शू झाली नसेल किंवा लघवीत रक्त दिसत असेल, तर रात्र असली तरी थांबू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर इतर कुठलंही लक्षण नसलं तरी थेट रुग्णालय.

“वास नसेल तर इन्फेक्शन नाहीच”

वासावरून काही ठरत नाही. पाणी कमी प्यायलं तरी लघवीला उग्र वास येतो, आणि संसर्ग असूनही वास नसतो. गढूळपणाचंही तसंच, कधी ते नुसते क्षार असतात. डायपरवरचा विटकरी-गुलाबी डाग बऱ्याचदा युरेटच्या (लघवीतल्या एका क्षाराच्या) स्फटिकांचा असतो, पण तो रक्ताचा नाही हे घरी ठरवू नये.

उलट बाजूही आहे, आणि मेसेजला तिचा पत्ताच नाही. शू करताना रडणारं प्रत्येक मूल संसर्गाचं नसतं. साबणाच्या फेसाने किंवा ओल्या डायपरने लाल झालेली त्वचा, मुलींमध्ये योनीमुखाचा दाह, मुलांमध्ये शिश्नाच्या टोकाला सूज, रात्री खाज आणणारे सुतासारखे जंत, घट्ट शीने भरलेलं आतडं: सगळ्यांत मूल तसंच रडतं. अँटिबायोटिकने यातलं बहुतेक काही थांबत नाही. फरक कळतो तो लघवीच्या नमुन्यातून. म्हणून नमुन्याबद्दल जरा सविस्तर.

नमुना कुठे बिघडतो

पहिला नियम: अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी नमुना. एक-दोन डोसांनंतर कल्चरमध्ये (लॅबमध्ये लघवीतले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) बऱ्याचदा जंतू उगवतच नाहीत. मग संसर्ग होता की नाही आणि कुठलं औषध लागू पडेल, दोन्ही प्रश्न लटकतात. मूल फारच आजारी असेल तर डॉक्टर मूत्राशयात बारीक नळी घालून नमुना काढून लगेच औषध सुरू करतात.

घरी घ्यायचा झाला तर असा. काहीतरी पाजून वीस-तीस मिनिटं थांबा. हात धुवा. शूची जागा साध्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने टिपून घ्या, साबण किंवा जंतुनाशक नको. मुलाला डायपरशिवाय मांडीवर किंवा उभं धरा, निर्जंतुक बाटलीचं झाकण उघडून तयार ठेवा, झाकणाची आतली बाजू वर. पहिली धार सोडून मधली पकडा, बाटलीची कड अंगाला लागू देऊ नका. एवढं ऐकून पालक हसतात, कारण शू कधी येईल ते मूलच ठरवतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या ओटीपोटावर गार पाण्यात भिजवलेलं गॉज गोल फिरवलं की बऱ्याचदा लवकर शू होते. 2017 च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत या युक्तीने 31 टक्के बाळांनी पाच मिनिटांत शू केली, नुसती वाट पाहिली तेव्हा 12 टक्के. मोठ्या मुलासाठी पॉटी गरम पाण्याने आणि भांडी घासायच्या साबणाने धुऊन, खळखळून विसळून, कोरडी करून वापरता येते.

डायपर पिळून किंवा त्यातला कापूस दाबून काढलेली लघवी कल्चरला चालत नाही. लघवी गोळा करायला अंगाला चिकटवायच्या पिशवीचं थोडं वेगळं. पिशवीतली लघवी स्वच्छ निघाली तर संसर्ग बहुधा नाही. पण तिच्यात जंतू उगवले तर ते त्वचेवरचे की मूत्राशयातले, सांगता येत नाही. या एका कारणाने कित्येक मुलांना नको असलेलं औषध मिळतं. डॉक्टर बारीक नळीने नमुना घेऊ म्हणाले तर त्यामागे हेच कारण असतं. मूल रडेल, पण काम मिनिटाभरात होतं.

बाटली तासाभरात लॅबला पोचावी. नाही जमलं तर फ्रिजमध्ये 4 अंशांच्या आसपास, फ्रीझरमध्ये नाही, आणि 24 तासांच्या आत द्यायची. ई. कोलाय अनुकूल वातावरणात साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. ओट्यावर दुपारभर राहिलेल्या बाटलीत संसर्ग नसतानाही खोटा आकडा दिसू शकतो.

लघवीत पट्टी बुडवून करायची तपासणी लगेच होते, पण तिच्यातलं नायट्राइट (जंतू लघवीत तयार करतात तो पदार्थ) दिसायला लघवी मूत्राशयात सुमारे चार तास राहावी लागते. लहान मूल तासा-दीड तासाने शू करतं. त्यामुळे नायट्राइट निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं नाही. कल्चरचा निकाल यायला एक-दोन दिवस लागतात.

“अर्धा चमचा सोडा, तीनदा”

हिशेब मांडू. अर्ध्या छोट्या चमच्यात साधारण 2.3 ग्रॅम सोडा बसतो, त्यात सुमारे 630 मिलिग्रॅम सोडियम. तीनदा दिला तर 1,900 मिलिग्रॅमच्या आसपास. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात सगळं मिळून साधारण 800 मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे जेवणातलं मीठ न धरताच दुपटीपेक्षा जास्त. त्यातून रक्तातलं सोडियम चढतं, रक्ताची आम्लता बिघडते, मूल सुस्त होतं, झटके येऊ शकतात. ताप-उलट्यांनी आधीच पाणी कमी झालेल्या मुलात हे आणखी लवकर होतं.

लघवी अल्कली करणारी, म्हणजे तिची आम्लता कमी करणारी सिरपंही घरात पडलेली असतात म्हणून देऊ नयेत. जंतू त्याने मरत नाहीत. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन हे औषध चालू असेल तर ते आम्ल लघवीत चांगलं काम करतं, अल्कली केली की त्याचा जोर कमी होतो. मोठ्यांना जळजळीसाठी देतात ती लघवी केशरी करणारी गोळी (फेनाझोपायरिडिन) तर या वयात अजिबात नको. तिने रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटू शकते.

“दर तासाला ग्लासभर”

पाणी हवंच, पण मोजून. ढोबळ हिशेब असा: वजनाच्या पहिल्या 10 किलोंना किलोमागे 100 मिलिलिटर, पुढच्या प्रत्येक किलोला 50. म्हणजे 11 किलोच्या मुलाला दिवसभरात सुमारे 1,050 मिलिलिटर, तेही दूध आणि पातळ अन्न धरून. ताप असेल तर थोडं जास्त. तासाला 200 मिलिलिटरने बारा तासांत 2,400 होतात. इतकं नुसतं पाणी बळेच पाजलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटके येऊ शकतात. एकाच मेसेजमध्ये सोडियम चढवायचीही सोय आहे आणि उतरवायचीही.

पाच-दहा मिनिटांनी दोन-तीन घोट द्या. उलट्या असतील तर ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवून. लघवी फिकट पिवळी आणि दर तीन-चार तासांनी एकदा तरी होतेय, एवढं पुरे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नाही, दूधच जास्त वेळा.

क्रॅनबेरीवर फार वेळ घालवायला नको. वारंवार संसर्ग होणाऱ्यांमध्ये पुढचा संसर्ग टाळायला तिचा काही उपयोग दिसला आहे. झालेला संसर्ग तिने बरा होत नाही, आणि बाजारातल्या रसात साखरच जास्त असते.

मग आराम कशाने पडतो

पॅरासिटामॉलने, बरोबर दिलं तर. डोस वयावर नाही, वजनावर: किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तास, 24 तासांत चारपेक्षा जास्त नाही. 10 किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम. चूक होते ती बाटलीत. 5 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅमचं सिरप असेल तर 6.25 मिलिलिटर, 250 चं असेल तर 3 मिलिलिटर, आणि 1 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर फक्त दीड. 120 च्या सिरपचं माप लक्षात ठेवून ड्रॉप्स भरले तर चौपट औषध जातं. लेबल वाचा, ओरल सिरिंजने मोजा, वेळ लिहून ठेवा. सर्दीच्या मिश्र औषधातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, ते सोबत नको. आयबुप्रोफेन उलट्या होत असताना किंवा शू कमी होत असताना स्वतःहून देऊ नये, मूत्रपिंडावर ताण येतो. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाहीच.

दुसरा उपाय कोमट पाणी. टबमध्ये 5 ते 8 सेंटिमीटर, अंगाइतकं गरम, म्हणजे 37 अंशांच्या आसपास. मनगटाच्या आतल्या बाजूला ना गार ना गरम लागलं पाहिजे. मुलाला पाच-दहा मिनिटं बसवा आणि शू आली तर तिथेच करू द्या. दाबून धरणारी मुलं कोमट पाण्यात हमखास सैल सोडतात. पाण्यात साबण, फेस, मीठ, जंतुनाशक काही नको. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावरच बसायचं. गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवू नका, या वयाची कातडी पटकन भाजते. कोमट पाण्यात पिळलेला कापडाचा पट्टा चालेल.

डायपर ओला होताच बदला, शक्य तितका वेळ उघडं ठेवा. लाल झालेल्या जागी पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचा पातळ थर, म्हणजे लघवी थेट लागत नाही. पावडर नको, ती श्वासात जाते. पुसायचं पुढून मागे. मुलाची शिश्नावरची त्वचा मागे ओढून धुऊ नका, चिरते. बद्धकोष्ठता असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. भरलेलं मलाशय मूत्राशयावर दाबतं, लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. शू-शीची सवय लावणं चालू असेल तर आठवडाभर थांबवा.

“लहान मुलांना अँटिबायोटिक नको” आणि “रडणं थांबलं की बरं झालं”

पहिलं वाक्य विषाणूंच्या सर्दी-खोकल्यासाठी खरं आहे, तिथून उचलून इथे चिकटवलंय. जंतूंच्या संसर्गावर अँटिबायोटिक हाच उपचार. फक्त मागच्या आजारातली उरलेली बाटली काढायची नाही. मिश्रण केलेल्या सिरपचा जोर काही दिवसांत उतरतो, आणि जंतूला तेच औषध चालेल असंही नसतं. पावडर असलेली नवी बाटली आधी हलवून पावडर सुटी करा. उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत भरून हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेस खुणेला लागलेला पाहून थांबलं तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक डोस जास्त जोराचा होतो. दर वेळी देण्याआधी बाटली हलवायची, नाहीतर पहिले डोस पाणचट आणि शेवटचे दाट. डोस अर्ध्या तासाच्या आत उलटून पडला तर पुन्हा द्यायचा का, डॉक्टरांना विचारा.

रडणं पॅरासिटामॉलनेही थांबतं आणि अँटिबायोटिकच्या दुसऱ्या दिवशीही. दोन्ही वेळा जंतू आत असू शकतात. सांगितलेले सगळे दिवस औषध जाऊ द्या. ताप 48 तासांत उतरायला लागला नाही तर फोन करा, तोवर कल्चरचा निकालही हाती आलेला असतो आणि औषध बदलायचं का ते त्यावरून ठरतं. तापासह आलेल्या पहिल्या संसर्गानंतर दोन वर्षांखालच्या मुलाची मूत्रपिंडांची सोनोग्राफी बहुधा सांगितली जाते, ती टाळू नका. कल्चरचा कागद फाइलमध्ये ठेवा. पुढे कधी कारण न कळणारा ताप आला तर तो दाखवून पहिल्या दोन दिवसांतच लघवी तपासून घ्यायची आहे.