विहार-तुळशी डोंगरावरूनच बघायचे

जून संपत आला की मुंबईतल्या घराघरांत एक आकडा रोज वाचला जातो: तलावांत पाणी किती टक्के? कपात लागली की सोसायटीच्या ग्रुपवर पाणी सोडण्याच्या वेळा येतात, बादल्या-पिंपं भरून ठेवली जातात. आणि ज्या तलावांवर आपला जीव टांगलेला असतो, त्यातला एकही आपल्या मुलांनी पाहिलेला नसतो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन तर बोरिवली आणि मुलुंडच्या मधल्या जंगलात आहेत. ते डोळे भरून बघायचे तर घरच्या सगळ्यांना घेऊन कान्हेरीचा डोंगर चढा, असं मी भेटेल त्याला सांगत असते. आज इथे लिहिते.

बोरिवली पूर्वेला उतरलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं गेट फार लांब नाही. तिथून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहाएक किलोमीटर डांबरी रस्ता. आतून बस मिळते. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असली तर बसनेच जा, पायातली ताकद डोंगरासाठी राखून ठेवा. वाटेत पाड्यांवरच्या बायका काकड्या, बोरं, आवळे घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्याकडून घ्या, पण खाऊन संपवा आणि मगच वर चला. हातात पिशवी दिसली की माकडं ती सोडत नाहीत.

चढ म्हणाल तर सोपा. काळ्या पाषाणात कोरलेल्या पायऱ्या आहेत, मध्ये टेकायला जागा आहेत, सावलीला लेणी आहेत. शंभरावर लेणी, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्षू राहिले. ते कसे राहिले असतील याचं उत्तर मुलांना इथेच दाखवता येतं. लेण्यालेण्यापाशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे आणि डोंगरावर पडलेला पाऊस त्या टाक्यांत उतरावा म्हणून दगडात चर काढलेत. घाई करू नका इथे. माझा भाचा एकेका चरीवर बोट फिरवत ती कुठे जाते ते शोधत बसला होता, तेव्हा त्याला पुढे ओढायचं माझ्या जिवावर आलं.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या एरवी खाली तिसऱ्या लेण्याच्या सावलीत थांबतात. तिथल्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. त्यांच्यापुढे तासभर सहज जातो. गेल्या हिवाळ्यात मात्र त्या हट्टाने वर आल्या, भाच्याचा हात धरून, बसत-उठत. माथ्यावरच्या मोकळ्या कातळावर उभं राहिलं की चारी बाजूंना नुसतं जंगल दिसतं आणि त्यात तुळशी आणि विहारचं पाणी चमकतं. गिरगावच्या चाळीत पहाटे उठून सार्वजनिक नळावर हंडे भरण्यात त्यांची उमर गेली. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं सांभाळलंय, म्हणून येतंय."

त्यांचं हे वाक्य मला शंभर टक्के पटतं. विहार 1860 सालचा. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते इथून. तुळशी 1879 चा. आज शहराला रोज जवळपास 4,000 दशलक्ष लिटर पाणी मिळतं, त्यात विहारचे 90 आणि तुळशीचे 18. वाटा लहान आहे, बाकीचं ठाणे, पालघर, नाशिककडून येतं. (आणि शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाच्या शेजारच्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, हेही मुलांना तिथेच सांगावं.) तरी हे दोन तलाव शहराच्या पोटात असून दीडेकशे वर्षांनंतरही पिण्याचं पाणी देतात, कारण भोवती जंगल आहे आणि काठावर कुणाला सोडत नाहीत.

शेजारचा पवई बघा. त्याच्या काठापर्यंत रस्ते आले, इमारती आल्या. आज त्यात सांडपाणी मिसळतं, जलपर्णी माजते आणि ते पाणी प्यायला वापरत नाहीत. एवढ्यावरही काठाने सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

म्हणून "विहारला बोटिंग का नाही, तुळशीपर्यंत गाडी का जाऊ देत नाहीत" असं कुणी म्हटलं की मी वाद घालते. नको जाऊ देऊ! पाण्यात पाय बुडवायचे असतील तर जुहू आहे, अक्सा आहे. हे तलाव डोंगरावरूनच बघायचे. तेवढं अंतर त्यांना हवं, त्या जंगलात राहणाऱ्या बिबट्यांनाही हवं.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी लवकर निघा, कातळ तापायच्या आत खाली या. पावसात हिरवाई वेड लावते, पण पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तेव्हा लहान मुलांना आणि आजी-आजोबांना वरपर्यंत नेऊ नका. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. पाणी घरून न्या आणि रिकामी बाटली घरी आणा. लेण्यांच्या पुढच्या जंगलवाटांवर आपलं आपण शिरू नका, वनविभागाची परवानगी आणि वाटाड्या लागतो. सोमवारी उद्यान बंद असतं.

आणि शिक्षक मंडळी वाचत असतील तर एक विनंती. यंदाची सहल वॉटर पार्कला न्यायच्या आधी मुख्याध्यापकांपुढे कान्हेरीचं नाव टाका. पाचवी-सहावीची मुलं हा डोंगर आरामात चढतात.