देवरहाटी, सटवाई आणि गोळ्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, कमेंट तिखट आहे पण आवडली, नुसतं 'छान लिहिलंय' टाकून जाण्यापेक्षा हे बरं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. लेक झाल्यावर मी कशी खचले आणि कशी सावरले, त्यात देवरूखकडच्या आमच्या गावच्या देवरहाटीचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाचा, आणि घरातल्या जुन्या बायकांच्या आठवणींचा काय वाटा होता यावर माझी मागची पोस्ट होती. ताईंचं म्हणणं, हे सगळं गोडगोड आहे, डिप्रेशनला डॉक्टर लागतो झाड नाही, ज्या पूर्वजांचे गोडवे गाताय त्या काळात ताईंच्या आजीची पाच मुलं गेली, आणि आई होऊन बरं व्हायचं असेल तर मूल नसलेल्या बाईने काय करायचं? पोस्ट काढून टाका असंही म्हणाल्यात.

डॉक्टरचं आधी घेते. गोळ्या चालू होत्या हे त्या पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलंय, पण झाडांच्या फोटोंमध्ये ते कुणाला दिसत नाही, काय करणार. मानसोपचार डॉक्टरांनी मला दहा प्रश्नांचा एक फॉर्म भरायला दिला होता, १९८७ मध्ये एडिनबर्गला तयार झालेला, बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठीच असतो तो. त्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करायचा विचार येतो का असा आहे आणि तिथे 'कधीच नाही' वर मला टिक करता आली नाही. मग अंगावर पाजतेय हे बघून त्यांनी गोळ्या दिल्या, हळूहळू झोप लागायला लागली, जेवण जायला लागलं, म्हणून तर मी गावाला जाऊ शकले. झाडाखाली जाऊन बसायचं तरी आधी अंथरुणातून उठावं लागतं, आणि मला उठवलं ते गोळ्यांनी.

मग झाडाने काय केलं? आम्ही शिमग्याला गेलो होतो. देवरहाटीत एका जुन्या बेहड्याच्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी बसली होती, आत्येभावाने लांबूनच दाखवली, जवळ जाऊ दिलं नाही. ही मादी अंडी घालायला आत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा गर असलं काय काय लावून ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. आत असताना तिची उडायची पिसं पण झडतात. म्हणजे नर उंबराची, वडाची फळं आणून त्या फटीतून भरवतो तेव्हाच तिचं पोट भरतं, आणि तो कुणी मारला तर आत तिच्या जिवावर बेततं. मला तिथे साक्षात्कार वगैरे काही झाला नाही हो, डास चावत होते आणि लेक रडत होती, पण डोंबिवलीला परत आल्यावर मी सासूबाईंना आणि नवऱ्याला सरळ सांगितलं की मी दूध काढून ठेवते, रात्री दोन ते सहा तुम्ही दोघांनी वाटी-चमच्याने पाजायचं, मला झोपायचंय. आधी मला हे मागताच येत नव्हतं, आई आहे ना, तिला सगळं जमायलाच पाहिजे. निसर्गाने बरं केलं असं मी लिहिलं ते एवढ्याच अर्थाने.

आता पूर्वज. आमच्याकडे पाचवीला पाटा-वरवंटा पुजून कोरा कागद आणि पेन ठेवतात, रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. मी केमिस्ट्रीवाली, मला हसूच आलं, तेव्हा आत्याने सांगितलं की तिच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची, दोन मुलं पहिल्या आठवड्यातच गेली, दूध ओढायची बंद झाली, जबडा आवळला, अंग ताठ. धनुर्वात. नाळ घरातल्या विळ्याने कापलेली. ज्या दिवसांत मुलं अशी जायची त्याच दिवसांत जागरण आणि सटवाई आलीये असा आपला माझा तर्क. हे थांबलं ते धनुर्वाताच्या इंजेक्शनांनी आणि दवाखान्यातल्या स्वच्छ बाळंतपणांनी, माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात आपल्या देशातून हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. तो काळ परत कोण मागेल? मी बाळगुटी उगाळली नाही, सहा महिने फक्त आईचं दूध, आणि ओव्याची धुरी पण खोलीत येऊ दिली नाही, त्यावरून घरात झालेली भांडणं तर मी लिहिलीच नाहीयेत.

पण आत्या पुढे जे बोलली ते महत्त्वाचं. दुसरं मूल गेल्यावर आजी दिवसभर विहिरीच्या कट्ट्यावर बसून असायची, कुणाशी बोलायची नाही, आणि घरातले म्हणायचे बाहेरची बाधा झालीये. हे ऐकून वाईट वाटलंच, पण हायसंही वाटलं. आपणच काहीतरी बिघडलेली आई आहोत हे जे डोक्यात बसलं होतं ते त्या दिवसापासून सैल झालं. तुम्ही तुमच्या आजीबद्दल लिहिलंत ना ताई, मला पूर्वजांची आठवण म्हणजे अगदी हेच म्हणायचं होतं.

आणि मूल नसलेल्या बाईचं म्हणाल तर आत्यालाच मूल नाही. वांझ म्हणून तिला आयुष्यभर बारशाला पाळण्याजवळ येऊ दिलं नाही, आणि आज घरातल्या सगळ्या बायकांची माहेरची नावं फक्त तिलाच माहितीयेत, कारण लग्नात तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं की जुनं कोण लक्षात ठेवतो. पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण गेलेल्यांचं करतात, आजी विधवा गेली, तिचं नाव त्या दिवशी निघत नाही. मी भटजी बोलावले नाहीत, तर्पण नाही, आत्याला फोन लावला आणि ती सांगेल ती सगळी नावं वहीत लिहिली, सवाष्ण विधवा न बघता. वंशावळीत आमच्याकडे नुसते पुरुष आहेत, तुमच्याकडे वेगळं असेल तर सांगा.

पोस्ट काढणार नाही. फक्त तिच्या अगदी वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर टाकलाय, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत पण बोलतात. बाळगुटीवर वेगळी पोस्ट करते, तेव्हा भांडायला नक्की या.