बापाने मुलाला कधीच ‘छान’ म्हणू नये?

गणपतीच्या चवथीपासून एक मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. बापाने मुलाला तोंडावर चांगलं म्हणू नये, मुलं शेफारतात. माया आईने करावी, बापाचा धाकच हवा. लहानपणीचं बोलणं मुलं मोठेपणी विसरतात. वर ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ आहेच. पाठवला भावोजींनी, आणि त्याच ग्रुपवर त्यांचा २१ वर्षांचा मुलगा आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

ऊठसूट वाहवा केली की मुलं शेफारतात, हे एक वेळ मान्य. पण वाहवा वेगळी आणि आपलेपणा वेगळा.

धाकाचं बघू. कनेक्टिकट विद्यापीठातले रोनाल्ड रोहनर यांनी अनेक दशकं हाच विषय अभ्यासला. ते मुलाला आपलं मानणं आणि त्याच्यावर नियंत्रण ठेवणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. रात्री दहाच्या आत घरी ये म्हणणारा बाप प्रेमळ असू शकतो. शिस्तीला कोणाचीच ना नाही, प्रश्न झिडकारण्याचा आहे. २०१२ मध्ये त्यांनी आणि अब्दुल खालेक यांनी ३६ अभ्यास एकत्र तपासले, त्यात १०,०००हून जास्त माणसं होती. आईबापांना आपण नकोसे आहोत असं ज्यांना वाटत आलं, त्यांच्यात राग, परावलंबन, स्वतःला कमी लेखणं आणि जग वाईटच आहे ही समजूत जास्त दिसली. बापाच्या नाकारण्याचा परिणाम आईच्या इतकाच, कधी त्याहून जास्त.

यंदा हाच मुलगा, माझा भाचा, स्टुलावर उभा राहून माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं-फुलं बांधतात त्या चौकटीला, केवणीच्या सालीच्या दोराने आंबाड्यांचा घोस बांधत होता. दर गाठीला खाली बघून विचारायचा, ‘मावशी, बरोबर आहे ना?’ मी ओढून बघितली, गाठ पक्की होती. तरी त्याने ती दोनदा सोडून परत बांधली. ‘तुका कांय जमना’ हे तो दुसरी-तिसरीपासून ऐकतोय. आता बापाला ते म्हणावंही लागत नाही, तो स्वतःच स्वतःला म्हणतो. इंटर्नशिपचा अर्ज भरून महिना झाला, पाठवलेला नाही. का, तर ‘मला कोण घेणार?’

हे विसरणं म्हणायचं?

झिडकारलेलं प्रत्येक मूल खचतंच असं नाही. आजीच्या, एखाद्या शिक्षिकेच्या मायेवर कितीतरी जण तरून जातात. पण ते त्या आजीचं श्रेय, टाकीचं नव्हे.

भावोजी, तो अर्ज अजून त्याच्या फोनमध्येच आहे. आज त्याच्या शेजारी बसून एकदा वाचा.