गोविंदा आपल्यासाठी, माकड पोरासाठी

रविवारी दिवसभर पाऊस, पोराला खाली सोडता येईना आणि तेच तेच कार्टून ऐकून माझं डोकं उठलेलं, म्हणून शेवटी 'दिल्ली सफारी' लावला. २०१२ चा पिक्चर आहे, आपल्या पुण्यातल्या स्टुडिओत बनलेला, ॲनिमेशनचं नॅशनल अवॉर्डपण मिळालंय त्याला. पण खरं सांगते, मी लावला तो नावं बघून. गोविंदा, अक्षय खन्ना, बोमन इराणी, ऊर्मिला, सुनील शेट्टी! ही नावं असतातच आपल्यासाठी हो, तिकीट आपण काढणार ना. मी पोराला दोनदा सांगितलं, अरे हा गोविंदा बोलतोय, तर म्हणे "नाही गं, माकड बोलतंय". संपला विषय.

म्हणजे तिथे आवाज अगदी फिट बसलाय. बजरंगी माकड सतत तापलेलं, एका दमात बडबडणारं, आणि गोविंदाची ती जुनी सवय बरोब्बर कामाला आलीये. सुनील शेट्टी मात्र मला सुनील शेट्टीच ऐकू येत राहिला, बिबट्या काही दिसेना. (नवरा म्हणतो तुझं काहीतरीच.) सगळेच जोक जमलेत असं पण नाही, काही नुसताच आरडाओरडा आहे, आणि ॲनिमेशन आता जुनं वाटतं, पण ते मला, त्याला काही फरक पडला नाही.

आता ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी. कॉमेडी आहे म्हणून मुलाला टीव्हीसमोर बसवून किचनमध्ये जाऊ नका. जंगल तोडायला माणसं येतात, म्हणून प्राणी जाब विचारायला दिल्लीला निघतात, पण त्याआधी, अगदी सुरुवातीलाच, बिबट्याच्या पिल्लाचा बाबा मारला जातो. आमच्याकडे चिवड्याची मूठ तोंडापर्यंत येऊन तिथेच थांबली. "त्याचे बाबा नंतर येणार ना?" मी म्हटलं बघूया. मग सरकत सरकत मांडीवरच येऊन बसला, आणि माकडाने पुढचा गोंधळ घातला तेव्हा सगळ्यात जोरात तोच हसला, चिवडा माझ्या ड्रेसवर.

तर बघावा का? हो, बघाच, पण शेजारी बसून. कारण ते जंगल म्हणजे आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क, आणि आम्ही राहतो त्याच्याच ठाण्याच्या बाजूला, घोडबंदर रोडला. सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून बिबट्याचा व्हिडिओ येतो आणि खाली लगेच "फॉरेस्टवाल्यांना फोन करा, इथे कसा आला हा" सुरू होतं. बुकिंगच्या वेळी आम्हीच 'फॉरेस्ट व्ह्यू' आहे म्हणून चौरस फुटाला जास्तीचे पैसे मोजलेत.

पिक्चर संपल्यावर हा बराच वेळ खिडकीशी उभा. मग विचारलं, "आई, आपली बिल्डिंग बांधली तेव्हा इथले बिबटे पण दिल्लीला गेले होते का?"

नवऱ्याने मोबाईल उचलला. मी सांडलेला चिवडा गोळा करत बसले.