खुलासा : नेब्रास्काची किक हुकली नव्हती

'शेवटच्या क्षणी किक हुकली म्हणून नेब्रास्का १९८४ चा ऑरेंज बाउल हरलं,' असं अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत सर्रास सांगितलं जातं. (नेब्रास्का म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ आणि ऑरेंज बाउल हा कॉलेज फुटबॉलचा हंगामाअखेरचा एक मोठा सामना.) हे चूक आहे. किक मारलीच गेली नव्हती.

२ जानेवारी १९८४, मायामी. १२ पैकी १२ सामने जिंकून आलेलं नेब्रास्का पहिल्या क्रमांकावर होतं; समोर होता मायामी विद्यापीठाचा संघ. ४८ सेकंद उरले असताना नेब्रास्काच्या जेफ स्मिथने टचडाउन (सहा गुण) केला आणि गुणफलक मायामी ३१, नेब्रास्का ३० असा झाला. टचडाउननंतर किक मारून एक गुण किंवा चेंडू पुन्हा गोलक्षेत्रात नेऊन दोन गुण मिळवता येतात. साध्या किकचा एक गुण मिळाला असता तर बरोबरी झाली असती. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नव्हता, आणि बरोबरीतही अजिंक्यपद बहुधा नेब्रास्कालाच मिळालं असतं. तरी प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न दोन गुणांसाठी, म्हणजे निखळ विजयासाठी, गेले. टर्नर गिल या नेब्रास्काच्या खेळाडूने स्मिथकडे फेकलेल्या चेंडूला मायामीच्या केनी कॅल्हूनचा हात लागला आणि सामना गेला.

मी लिंकनला, म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाच्या गावी, शिकायला होतो ती १९९४ ते १९९७ ची वर्षं. नेब्रास्काचे चार हंगामांत ४९ विजय आणि फक्त २ पराभव! फ्लोरिडाला ६२-२४ ने हरवलं त्या रात्री आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो. पण तिथले जुने चाहते सर्वांत अभिमानाने सांगायचे ते १९८३ च्या हंगामातल्या, म्हणजे याच सामन्यात हरलेल्या संघाबद्दल. त्या निर्णयाला हुकलेली किक म्हणणं मला सहन होत नाही.