ड्यूक व्हायचंय? आधी सून बघा

आपलं घराणं मोठं, ही तुमची लहानपणापासूनची खात्री. माळ्यावर पणजोबांची तलवार आहे (मागच्या दिवाळीत घासूनपुसून पाहिली तेव्हा ती विळी निघाली, ते सोडा). तेव्हा इंग्लंडच्या खेडेगावात एखादा ऐसपैस खानदानी वाडा करावा असं मनात येत असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त एक करा, बँकेत कर्जाची चौकशी करू नका. वाडा बांधायला स्वतःचा पैसा लागतो हा मध्यमवर्गीय गैरसमज आहे. तो घालवायचा असेल तर ऑक्सफर्डजवळच्या वुडस्टॉक गावी जा आणि ब्लेनहाइम पॅलेस बघून या. १८७ खोल्या, दोन हजार एकरांचं आवार. घर राजाचं नाही की बिशपचं नाही, तरी नावात ‘पॅलेस’.

सगळ्यात आधी मूळ पुरुष हवा. आपल्या कुलवृत्तांतात मूळ पुरुष खांद्याला पडशी लावून कोकणातून घाट चढतो. या वाड्याचे मालक म्हणजे मार्लबरोचे ड्यूक, इंग्लंडातले सगळ्यात वरच्या पायरीचे सरदार. त्यांचा मूळ पुरुष जॉन चर्चिल एवढ्या चढणीच्या भानगडीत पडला नाही. त्याची बहीण अ‍ॅराबेला ही पुढे जेम्स दुसरा म्हणून गादीवर बसलेल्या राजपुत्राची अंगवस्त्र होती. खुद्द जॉनवर राजा दुसऱ्या चार्ल्सच्या प्रेयसीची, बार्बरा व्हिलियर्सची मर्जी बसली. तिच्याकडून मिळालेल्या पैशातून त्याने साडेचार हजार पौंड गुंतवले आणि वर्षाला पाचशे पौंडांचं उत्पन्न आयुष्यभरासाठी बांधून घेतलं. घरातल्या तरुण मुलांना हा धडा आवर्जून वाचून दाखवा. बचतीची सवय लवकर लागलेली बरी.

मग एखादी लढाई जिंका. जॉनने १३ ऑगस्ट १७०४ रोजी डॅन्यूबकाठच्या ब्लिंडहाइम नावाच्या खेड्यापाशी फ्रेंच आणि बव्हेरियन फौजांची दाणादाण उडवली. इंग्रजी जिभेला ते ब्लिंडहाइम पेललं नाही, म्हणून घराचं नाव ब्लेनहाइम. अ‍ॅन राणीने खूश होऊन वुडस्टॉकची जहागीर दिली आणि वाड्याचं काम सरकारी खर्चाने सुरू झालं. त्यात जॉनच्या तलवारीइतकाच त्याच्या बायकोच्या जिभेचा वाटा होता. सारा ही राणीची इतकी जिवलग मैत्रीण की दोघी एकमेकींना मिसेस मॉर्ली आणि मिसेस फ्रीमन अशा साध्यासुध्या नावांनी पत्रं लिहायच्या. जागेचं भाडं ठरलं वर्षाला एक झेंडा. तीन लिलीची फुलं काढलेलं फ्रेंच राजाचं निशाण, दर १३ ऑगस्टच्या आत राजवाड्यावर पोचतं करायचं. हे भाडं आजही भरलं जातं. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे सांगू नका. मेंटेनन्सच्या थकबाकीवर आधीच तो बिथरलेला आहे.

एक चूक मात्र त्यांनी केली, ती तुम्ही टाळा. सरकार नक्की किती देणार हे कुणी कागदावर लिहून घेतलं नाही. साराची आणि राणीची बिनसली आणि १७१२ मध्ये तिजोरीचं दार बंद झालं. गवंड्यांची देणी थकली, प्रकरण कोर्टात गेलं, नवराबायको काही काळ परदेशी जाऊन राहिली. म्हणून सांगतो, बायकोच्या मैत्रिणीच्या जिवावर घर बांधत असाल तर छपराची स्लॅब पडेपर्यंत दोघींना भांडू देऊ नका.

आर्किटेक्ट म्हणून नाटककार नेमा. जॉन व्हॅनब्रू नाटकं लिहायचा, त्यामुळे त्याने घर नव्हे, नेपथ्य उभं केलं. चिमुकल्या ओढ्यावर त्याने असा पूल बांधला की त्याच्या पोटातच तीसेक खोल्या. साराला हवं होतं राहायचं घर. ती रोज हिशेब तपासायची, रोज भांडायची, शेवटी त्याने काम सोडलं. १७२५ साली आपण बांधलेली वास्तू बघावी म्हणून तो पाहुण्यांबरोबर आला, तेव्हा बाईंनी त्याला आवारात पाऊल टाकू दिलं नाही. पुढे चौथ्या ड्यूकांनी बागा आखणाऱ्या केपेबिलिटी ब्राउनकडून ओढा अडवून तळं करून घेतलं, तेव्हा पुलाच्या खालच्या खोल्या पाण्यात गेल्या. आज त्या दृश्याचे फोटो काढायला लोक रांगा लावतात.

आता वंशाच्या दिव्याबद्दल. जॉनचा मुलगा १७०३ मध्ये देवीच्या आजाराने गेला. मागे मुलीच. इंग्लंडात ड्यूकपद सहसा मुलीकडे जात नाही, पण म्हणून काय घराणं बुडू द्यायचं? पार्लमेंटात कायदा करून घेतला आणि थोरली मुलगी हेन्रिएटा ड्यूकपदावर आली. तिच्यानंतर पद गेलं बहिणीच्या मुलाकडे, म्हणजे स्पेन्सरांकडे. चर्चिल हे आडनाव संपलं. ऐंशीएक वर्षं स्पेन्सर म्हणून काढल्यावर पाचव्या ड्यूकांना पूर्वजांची आठवण झाली आणि १८१७ मध्ये परवानगी काढून ते स्पेन्सर-चर्चिल झाले. हा पराक्रमी योद्ध्याचा अखंड वारसा. अखंड, म्हणजे मधला जोड नीट लपवला तर. स्पेन्सरांची धाकटी पाती ऑल्थॉर्पला राहिली, तिच्यात पुढे डायना जन्मली. तेव्हा कुणी नातं विचारलं तर ‘आमच्या भाऊबंदांतलीच ती’ एवढंच म्हणा आणि विषय बदला.

घर झालं, नाव झालं. आता छप्पर गळू लागेल. घाबरू नका, घरात विकण्याजोगं पुष्कळ असतं. वडिलोपार्जित वस्तू विकता येत नाहीत असं वकील म्हणाला तर पुन्हा पार्लमेंट आहेच. १८८० मध्ये तशी सोय करून घेतली आणि पुस्तकांचा अख्खा संग्रह साठ हजार पौंडांच्या आसपास निघाला. मग १८८५ मध्ये राफाएलचं एक चित्र ७० हजार पौंडांना नॅशनल गॅलरीला दिलं, म्हणजे फिरून सरकारलाच. पुस्तकं गेलेल्या दालनात त्यांनी भलामोठा ऑर्गन बसवला. दालनाचं नाव लायब्ररी ते लायब्ररीच राहिलं. तुमच्याही शोकेसमधला विश्वकोश रद्दीत गेल्यावर तिथे साउंड सिस्टिम आलीच ना? मग तुम्ही निम्मे ड्यूक झालातच.

पण विकून विकून किती विकणार? म्हणून शेवटी सून बघायची. अमेरिकेची. आठव्या ड्यूकांनी १८८८ मध्ये न्यूयॉर्कची श्रीमंत विधवा केली आणि तिच्या पैशातून छपराची डागडुजी झाली. पण मुहूर्ताचं लग्न म्हणावं ते नवव्या ड्यूकांचं, ६ नोव्हेंबर १८९५, न्यूयॉर्क. मुलगी कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट, वय १८, माहेर रेल्वेवाल्यांचं. याद्या झाल्या त्या अशा: बीच क्रीक रेल्वेचे २५ लाख डॉलरचे शेअर आणि त्यावर दरसाल चार टक्के व्याजाची हमी. हुंडा हा शब्द तोंडातून काढू नका, इंग्लंडात त्याला सेटलमेंट म्हणतात. आपल्याकडेही हल्ली कुणी हुंडा घेत नाही, ‘मुलीला जे घालायचं ते घाला’ असं म्हणतात. भाषांतर करायचं झालं तर हेच करा.

मुलीचं मन दुसरीकडे होतं. आई आल्वाने तिला घरात कोंडलं, आपल्याला हृदयविकाराचा झटका येणार असं भासवलं. लग्नाच्या दिवशी मुलगी चर्चमध्ये उशिरा पोचली, कारण रडून सुजलेले डोळे निवळायला वेळ लागला. इकडे आपण अशा वेळी म्हणतो, ‘सासरी जाताना रडायचंच असतं गं.’

सासरी पोचल्यावर आजेसासूबाईंनी तिला जवळ बसवून काय विचारावं? घर आवडलं का, प्रवास कसा झाला? छे. त्यांनी बजावलं की पहिलं कर्तव्य मुलगा होणं, नाहीतर तो आगाऊ विन्स्टन ड्यूक होऊन बसेल. मग लगेच, दिवस गेलेत का, हा प्रश्न. हा विन्स्टन म्हणजे चर्चिल, पुढे पंतप्रधान झाले ते. आणि या बाईंचा सख्खा नातू. गादीचा प्रश्न आला की दुधावरची सायही आंबते. कॉन्सुएलोला १८९७ मध्ये मुलगा झाला, दुसऱ्या वर्षी आणखी एक, आणि विन्स्टनसाहेबांना दुसरी नोकरी शोधावी लागली.

त्यांची आईही अमेरिकनच. तिचं लग्न एप्रिल १८७४ मधलं, साहेबांचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ चा, याच वाड्यात. बोटांवर महिने मोजू नका. खानदानी घरात मूल सातव्या महिन्याचंच असतं. साहेब १८९६ मध्ये पलटणीबरोबर मुंबईला आले ते ससून डॉकच्या पायऱ्यांवर, होडी हलली, हातात धरलेली लोखंडी कडी सुटेना आणि खांदा निखळला. मासळी घ्यायला तिथे गेलात तर त्या पायऱ्यांकडे जरा आदराने बघा. हिंदुस्थानने साहेबांना एवढं एकच काय ते दुखावलं.

कॉन्सुएलो अकरा वर्षांनी वेगळी झाली. १९२१ मध्ये घटस्फोट, आणि त्याच वर्षी ड्यूकांनी ग्लॅडिस डीकनशी लग्न केलं, ती पहिल्या बायकोचीच मैत्रीण. ती अमेरिकन, हे आता सांगायला नको. वाड्याच्या उत्तरेकडच्या पायऱ्या चढून देवडीत उभे राहिलात तर मान वर करा. छतावर सहा मोठाले डोळे रंगवलेत, तीन निळे, तीन तपकिरी. निळे ग्लॅडिसचे. १९२८ मध्ये चित्रकार परांचीवर होता, तेव्हा ही बाई रेशमी रुमाल घेऊन वर चढली, निळा नेमका कसला हे दाखवायला. पुढे नवऱ्याशी फाटलं तेव्हा तिने वाड्यात स्पॅनियल कुत्री पाळली. शेवटी नवऱ्यानेच वीज-गॅस तोडून तिला घराबाहेर काढलं. डोळे तेवढे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत असतात.

सुना संपल्या की तिकीट लावायचं. १९५० पासून वाडा लोकांना खुला आहे. तळमजल्यावरच्या ज्या खोलीत विन्स्टनसाहेब जन्मले तिथे त्यांचं झबलं आणि लहानपणी कापलेल्या कुरळ्या बटा काचेत मांडल्यात. जावळ म्हणा हवं तर.

आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये प्रदर्शनासाठी त्याच खोलीसमोर एक कमोड बसवला होता. अठरा कॅरेट सोन्याचा, ९८ किलोचा, नळाला जोडलेला, चालू. इच्छुकांना तीन मिनिटं दिली जात. इटालियन कलावंताने त्याचं नाव ठेवलं होतं ‘अमेरिका’. घरातल्याच एकाने आधी सांगितलं होतं की असला कमोड चोरणं काही सोपं काम नाही. प्रदर्शन उघडल्यावर दोन दिवसांनी पहाटे चोर मोटारीतून आले आणि पाचेक मिनिटांत अमेरिका उपटून घेऊन गेले. तुटलेल्या नळातून पाणी जुन्या फरशीवर पसरलं. सोनं आजतागायत सापडलेलं नाही. समोरचं झबलं आणि जावळ मात्र जागच्या जागी होतं, त्याला कुणी हात लावला नाही.