अहवाल लिहिणाऱ्यांना जाब विचारणारं कुणीतरी हवं

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात मानवी हक्कांसाठी एक वेगळा विभाग आहे. कुठल्या देशात लोकांना विनाचौकशी डांबलं जातं, कुठे पत्रकार मारले जातात, याचा अहवाल तो दरवर्षी काढतो. भारतावरचं प्रकरण आलं की आपल्यात लगेच दोन तट पडतात. 2024 च्या एप्रिलमध्ये मणिपूरचा उल्लेख आला तेव्हाही तेच झालं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने अहवाल पक्षपाती म्हणून फेटाळला आणि व्हॉट्सअॅपवर आठवडाभर भांडणं चालली. पण हे लिहिणाऱ्या विभागावर लक्ष कोण ठेवतं, हे त्या भांडणात कुणीच विचारलं नाही. मी न्यू जर्सीत राहतो, इथे कर भरतो, इथे मत देतो. मला ते विचारणं भाग आहे.

हा विभाग कुणा राष्ट्राध्यक्षाच्या चांगुलपणातून आलेला नाही. 1973 मध्ये मिनेसोटाचे खासदार डोनाल्ड फ्रेझर यांनी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, सुनावण्या लावल्या, अमेरिकेच्या पैशावर पोसलेली सरकारं आपल्याच लोकांशी कशी वागतात ते बाहेर काढलं, आणि त्यातून कायदे झाले. मदत घेणाऱ्या देशांचा अहवाल द्या, नाहीतर मदत अडेल, असं परराष्ट्र खात्याला बजावलं गेलं. 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी पॅट्रिशिया डेरियन यांना या कामावर नेमलं आणि त्या अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीशी उघड भांडल्या. हे सगळं काँग्रेसने टोचणी लावल्यामुळे घडलं.

आणि टोचणी सैल पडली की काय होतं, ते एल मोझोतेमध्ये दिसलं.

डिसेंबर 1981. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर देशातलं डोंगराळ खेडं. अमेरिकेने प्रशिक्षण दिलेल्या अतलाकात्ल बटालियनने तिथले आणि आसपासच्या वस्त्यांमधले शेकडो गावकरी मारले. 27 जानेवारी 1982 ला न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्टने बातमी छापली. दुसऱ्याच दिवशी रेगन सरकारने काँग्रेसला लिहून दिलं की एल साल्वाडोर मानवी हक्कांच्या बाबतीत सुधारतंय. तसं लिहून दिल्याशिवाय लष्करी मदत चालू ठेवता येत नव्हती. फेब्रुवारीत सिनेटच्या, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाच्या, समितीपुढे बसून या बातम्या विश्वासार्ह नाहीत असं सांगितलं ते एलियट अब्राम्स यांनी, आणि ते तेव्हा याच मानवी हक्क विभागाचे प्रमुख होते. मदत चालूच राहिली. दहा वर्षांनी, 1992 मध्ये, अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी तिथल्या चर्चशेजारची एक खोली खणली. 143 सांगाडे निघाले. त्यातले 131 बारा वर्षांखालच्या मुलांचे. हे आकडे मी कितीही वेळा वाचले तरी पुढे जाववत नाही.

काँग्रेसकडे तेव्हा हत्यार नव्हतं असं नाही. काही महिन्यांपूर्वीच याच पदासाठी रेगन यांनी अर्नेस्ट लेफेव्हर यांचं नाव पाठवलं होतं. मानवी हक्कांच्या अटी कायद्यातून काढून टाका, असं म्हणणारा हा माणूस. सिनेटच्या समितीत रिपब्लिकनांचं बहुमत होतं, तरी तिने जून 1981 मध्ये 13 विरुद्ध 4 मतांनी त्यांना नाकारलं. मनात आणलं की जमतं.

आमच्या न्यू जर्सीचं उदाहरण मला जास्त लागतं. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष होते आमचेच बॉब मेनेंडेझ. इजिप्तला दरवर्षी 130 कोटी डॉलरची लष्करी मदत जाते, त्यातल्या काही भागावर मानवी हक्कांच्या अटी असतात, आणि ती मदत रोखून धरण्याची ताकद समितीच्या अध्यक्षाकडे असते. 2022 मध्ये एफबीआयने त्यांच्या घराची झडती घेतली. पाकिटांत, कोटांच्या खिशांत, कपाटांत मिळून 4 लाख 80 हजारांहून जास्त डॉलर रोख सापडले, शिवाय सोन्याच्या लगडी. इजिप्त सरकारला मदत केल्याबद्दलही ते 2024 मध्ये दोषी ठरले आणि त्यांना 11 वर्षांची शिक्षा झाली. ज्याने इजिप्तमधल्या कैद्यांची बाजू धरायची, त्याने दुसऱ्या बाजूचे पैसे घेतले. त्यांना निवडून देणाऱ्यांत आपली मराठी मतंही होती. मेनेंडेझवर आरोप झाल्यावर बेन कार्डिन अध्यक्ष झाले आणि त्यांनी इजिप्तचे 23.5 कोटी डॉलर अडवून ठेवले. खुर्चीवर कोण बसलंय याने एवढा फरक पडतो.

आता 2025 पाहा. जानेवारीत ट्रम्प सरकारने एका रात्रीत सतराच्या आसपास महानिरीक्षक, म्हणजे सरकारी खात्यांवर आतून लक्ष ठेवणारे अधिकारी, काढले, त्यात परराष्ट्र खात्याचेही होते. कायद्याप्रमाणे काँग्रेसला 30 दिवस आधी कारणांसह कळवायला हवं होतं, ते कळवलं नाही. हे बेकायदा होतं असं न्यायालयाने सप्टेंबरमध्ये म्हटलं, पण माणसं काही परत आली नाहीत. जुलैमध्ये परराष्ट्र खात्यातल्या 1,300 हून जास्त लोकांना घरी पाठवलं, आणि मानवी हक्क विभागाला त्याची मोठी झळ बसली. मग ऑगस्टमध्ये, अनेक महिने उशिरा, बारीक केलेला अहवाल आला. आदल्या वर्षीच्या अहवालात एल साल्वाडोरच्या नावावर बेकायदा हत्या, छळ, तुरुंगांची भीषण अवस्था हे सगळं होतं. या वेळी लिहिलं की गंभीर अत्याचारांच्या विश्वासार्ह बातम्याच नाहीत. पुन्हा तोच देश. आणि मार्चमध्ये अमेरिकेने दोनशेहून जास्त स्थलांतरितांना तिथल्याच तुरुंगात पाठवलेलं.

अहवालच बंद करा, असं काही मित्र म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. आदिवासींसाठी काम करणाऱ्या स्टॅन स्वामींसारख्या, कोठडीत असताना मरण पावलेल्या माणसाची नोंद जगात आणखी कुठेतरी व्हावी, असं मला मनापासून वाटतं. पण त्या नोंदीला किंमत यायची तर लिहिणाऱ्यावर सोयीचं लिहिण्याची सक्ती होऊ नये, आणि झालीच तर त्याच्या साहेबाला शपथेवर बोलवणारं कुणीतरी हवं.

2026 च्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या निवडणुका आहेत. उमेदवार इथल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर हात जोडत फिरतील, गणपतीत येऊन आरतीला उभे राहतील. एच-वन-बी आणि ग्रीन कार्डचं आपण विचारतोच, ते विचारायलाच हवं. त्याच्या जोडीला एवढं विचारा: एल साल्वाडोरच्या प्रकरणातल्या ओळी कुणाच्या सांगण्यावरून गेल्या, याची उघड सुनावणी तुम्ही लावणार का? आणि महानिरीक्षकाला काढण्याआधी 30 दिवसांची नोटीस दिली नाही, तर खात्याचा पैसा अडवणार का? हो की नाही, तेवढंच सांगा म्हणावं, आणि उत्तर इथे कमेंटमध्ये टाका.